कै. मॉड आणि न जन्मलेला कारखानदार

"बटणांचे आद्य कारखानदार एडविन ग्रिमशॉ यांनी १८३८ मध्ये या जागी कारखाना स्थापन केला. त्यांचे पुत्र जोसाया यांनी तो नावारूपाला आणला. स्नुषा हॅना या पूर्वी कै. मॉड यांच्या पत्नी होत्या."

मँचेस्टरजवळच्या आमच्या गावात, २००४ च्या एप्रिलात, कौन्सिलने लावलेला हा फलक. जोसाया होऊन गेला, याबद्दल माझी तक्रार नाही. उरलेल्या मजकुराचा निकाल आठवड्यात लावतो, असे मी पत्नीला, सुनीतीला, सांगितले.

लावलाही. चर्चच्या नोंदवहीत जोसायाचे वडील सॅम्युएल. धंदा, कोळसा वाहणे. १८४१ च्या जनगणनेत सॅम्युएल. १८५१ च्या जनगणनेतही सॅम्युएलच, फक्त बहिरा झालेला. एडविन कोठेच जन्मला नव्हता आणि कोठेच मेला नव्हता. या दोन्ही गोष्टी टाळून कारखाना काढणे व्हिक्टोरियन उद्योजकांच्याही आवाक्याबाहेरचे असावे. मॉड या गृहस्थांची अवस्था तर त्याहून बिकट होती. ते कैलासवासी होते, परंतु त्याआधी कधी हयात नव्हते.

फलकाचा मजकूर कौन्सिलने आमच्या इतिहास मंडळाच्या जुन्या कार्डांवरून उचलला होता. या मंडळाचा मी अठ्ठावीस वर्षांचा सभासद. मंडळाच्या वाचनालयातली रेडिएटरजवळची खुर्ची माझी, हे पोस्टमनलाही ठाऊक आहे; निवृत्तीनंतर माझे सारे आयुष्य त्या खुर्चीतच चालले आहे. मंडळाच्या चिटणीस मिसेस ऑग्डन यांना मी सात पानी पत्र लिहिले. एडविन यांचा कोठेच उल्लेख नसणे हे त्यांच्या विनयाचे लक्षण असावे, असे उत्तर आले.

तोवर प्रकरण हाताबाहेर गेले होते. बागेला एडविनचे नाव देण्यात आले. चित्र उपलब्ध नसल्यामुळे चित्रकाराने जोसायाचे नाक घेऊन त्याखाली दाढी जोडली. प्राथमिक शाळेने एडविन दिन साजरा केला आणि दोनशे मुले कापसाच्या दाढ्या लावून गावभर फिरली. आपले घराणे थेट एडविनपासून आले आहे, असे एका बाईंनी मला अभिमानाने सांगितले. मी सांत्वनपर काही बोललो.

अखेर मंडळाच्या सभेसाठी मी ठराव दिला: एडविनचा जनक जो कोणी असेल, त्याने या वाचनालयात आजन्म पाऊल ठेवू नये. सभेच्या दिवशी सकाळी तो मी सुनीतीला वाचून दाखवला. ती टोस्टला मार्मलेड लावत होती.

"अहो, त्या हॅनाबाईंचं पूर्ण नाव काय?"

"हॅना मॉड ग्रिमशॉ."

"आणि जोसायाचं?"

"जोसाया एडविन ग्रिमशॉ. त्याचा इथे काय संबंध?"

"काही नाही. मी सुनीती श्रीकांत टिपणीस, तर डॉक्टरांच्या सर्जरीतल्या रिसेप्शनिस्टला वाटतं, श्रीकांत हे माझ्या आईनं हौसेनं ठेवलेलं दुसरं नाव आहे. ते आठवलं."

विषयांतर करू नकोस, असे मी तिला सांगितले.

"बरं. 'आजन्म' तेवढं काढा ठरावातून," ती म्हणाली. "दिवसभर घरी बसलात तर मला झेपायचं नाही."

मी तो शब्द काढला नाही. सभेत मिसेस ऑग्डन यांनीही त्याबद्दल दोनदा विचारले. त्या कोणाला तरी पाठीशी घालत आहेत, असा आरोप मी केला. त्यावर त्यांनी मान खाली घातली, आणि गुन्हेगार सापडल्याचा आनंद मी लपवला नाही. ठराव एकमताने संमत झाला. सर्वांत आधी वर गेलेला हात माझा होता.

मग त्यांनी कपाटातून कार्डांचा मूळ खोका काढला. जखमेवरची पट्टी ओढण्याआधी नर्सच्या चेहऱ्यावर जी करुणा येते, ती त्यांच्या चेहऱ्यावर होती. खोक्याच्या तळाशी कार्डे तयार करणाऱ्याचे पत्र होते. वळणदार सही असण्याचा तोटा असा, की ती खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही ओळखू येते. पुण्याहून येऊन मला तेव्हा चार महिने झाले होते. हौसेने केलेले ते काम मी पुरता विसरलो होतो. मिसेस ऑग्डन यांनी पत्र मोठ्याने वाचले. मी ते उभ्यानेच ऐकले, कारण खुर्चीत बसण्याचा अधिकार नुकताच संपला होता. इंग्रजीतल्या त्या पत्राचा हा शब्दशः अनुवाद:

"महोदय, सोबत ग्रिमशॉ कुटुंबाची कार्डे. मला दिलेल्या कागदांत वडिलांचे नाव वेगळे दिलेले नाही. परंतु ते प्रत्येकाच्या नावात मधोमध असतेच, त्यामुळे रकाना भरण्यास अडचण आली नाही. विवाहित स्त्रियांच्या बाबतीत त्या जागी पतीचे नाव धरले आहे. हॅनाबाईंचे पती जोसाया असूनही मधे मॉड येतात, त्याअर्थी त्यांचा पहिला विवाह मॉड यांच्याशी झाला असावा. चर्चच्या नोंदवह्या पाहण्याची गरज भासली नाही. इतकी उघड गोष्ट आपल्या आधीच्या अभ्यासकांच्या ध्यानात येऊ नये, याचे मात्र आश्चर्य वाटते. आपला, श्रीकांत वामन टिपणीस. ७ फेब्रुवारी १९७६."