साठ्यात जास्त आढळलेला कुत्रा

कुत्रा पाळला जातो प्रेमाने, पण पोसला जातो वार्षिक तरतुदीतून. ज्या घरांना हे सत्य उशिरा कळतं, त्या घरांत कुत्रे असतात. ज्यांना वेळेवर कळतं, त्यांच्याकडे तक्ते असतात.

जे. पी. नगरातल्या नंदकिशोर यांच्याकडे तक्ता होता.

नंदकिशोर एका सरकारी संशोधन संस्थेत, मोजमापाची उपकरणं बरोबर मोजतात की नाही हे मोजणाऱ्या विभागात, उभी हयात काढलेले गृहस्थ. त्यांच्या घरातला वजनकाटा संस्थेच्या काट्याशी ताडून पाहिलेला होता. पत्नी हेमलता चहात साखर अंदाजाने घालत असे, आणि ही त्यांच्या संसारातली एकमेव अनियमितता होती.

कुत्रा हवा होता तो ऋचाला, त्यांच्या सहावीतल्या मुलीला. तोही कुठलाही नाही. कोपऱ्यावर मंजक्का शहाळी विकत असे. तिच्या गाड्याखाली एक तांबूस पिल्लू राहत होतं, एक कान उभा, एक पडलेला. मंजक्काने त्याचं नाव गुंडू ठेवलं होतं. ऋचाने रात्री जेवताना विषय काढला. नंदकिशोर नाही म्हणाले नाहीत. एवढ्या नोकरीत ते कधीच कुणाला नाही म्हणाले नव्हते. ते म्हणाले, “प्रस्ताव दे.”

ऋचाने प्रस्ताव दिला: मला गुंडू हवा. उद्देश नमूद नसल्याने तो परत आला. दुसऱ्या खेपेला तिने लिहिलं: उद्देश, प्रेम करणे, पर्यायी उपाय, नाही. हेमलता म्हणाली, असा नेमका प्रस्ताव तुमच्या संस्थेतही कुणी दिला नसेल. त्यावर दुमत नव्हतं आणि प्रकरण पुढे सरकलं.

मग अंदाजपत्रक झालं. ते पाहण्यासारखं होतं. अन्न एकतीस टक्के. लसीकरण व औषधोपचार बावीस. पालिकेचा परवाना, गळपट्टा, साखळी, स्नान, नखं. दिवाळीत सगळे पुण्याला गेल्यावर कुत्र्याच्या वसतिगृहाचं भाडं (हे पुण्याच्या तिकिटांहून जास्त निघालं, तेव्हा कुत्र्याला पुण्याला पाठवून आपण वसतिगृहात राहण्याचा पर्यायही तपासून सोडून देण्यात आला). चावलेल्या चपला चार टक्के. शेजाऱ्यांशी संबंध बिघडणे, तीन. संकीर्ण, दोन. एकूण बेरजेत चूक झालीच तर दीड टक्क्याच्या आत, वर किंवा खाली.

कुठलाही आकडा वित्त विभागाच्या संमतीशिवाय खरा मानायचा नाही, ही नंदकिशोर यांची सवय. वित्त विभाग शेजारीच राहत होता. पुरुषोत्तमराव संस्थेचे निवृत्त वित्त अधिकारी. नंदकिशोर यांची एकही फाइल त्यांनी पहिल्या फेरीत सोडली नव्हती, आणि दोघांची मैत्री त्यावरच उभी होती. निवृत्तीनंतर हरकत घ्यायला काही न उरल्याने त्यांची भूक मंदावली होती. कुत्र्याची फाइल गेल्यावर पहिल्याच आठवड्यात ते दुसऱ्यांदा भात मागू लागले, असं त्यांच्या घरून कळलं.

हरकती आल्या. कुत्रा भुंकून जे संरक्षण देणार, ते सध्या कोण देतं, आणि त्याला काढणार का? (सध्या हेमलता देत होती.) कुत्र्याचं आयुष्य बारा-चौदा वर्षं, मुलगी पाच-सहा वर्षांत शिकायला बाहेर जाणार, उरलेल्या काळातल्या प्रेमाची जबाबदारी कोणाची? आणि मुख्य हरकत, लाल शाईत: कुत्रा जोडीतली एकच चप्पल खातो, असा अनुभव आहे. मग तरतूद दोन्हींची का?

नंदकिशोर यांनी कळवलं की उरलेली एक चप्पल निकामी समजावी. पुरुषोत्तमरावांनी विचारलं, निकामी कोणी ठरवली? तीन सदस्यांची समिती नेमावी लागली. तिसरी सदस्य म्हणून ऋचाला घेतलं, आणि ती दोन्ही बैठकांना शाळेच्या गणवेशात हजर राहिली. तेवढ्यात गुंडू पिल्लाचा कुत्रा झाला. ही बाब फाइलवर घ्यावी लागली, कारण अन्नाचे आकडे पिल्लाचे होते.

सुधारित अंदाजपत्रक दुसऱ्या वर्षीच्या दसऱ्याला मंजूर झालं. ऋचाने गुंडूच्या कपाळाला कुंकू लावलं. पण मंजुरी म्हणजे खरेदी नव्हे. खरेदीला तीन कोटेशनं लागतात. गादीची आली, भांड्यांची आली, कुत्र्याची येईनात. नंदकिशोर गाड्यापाशी गेले आणि त्यांनी मंजक्काला दर विचारला.

“दर कसला सार,” मंजक्का कोयता पुसत कन्नड-मराठी मिसळून म्हणाली. “तगोंडु होगि. घेऊन जा.”

आता अडचण खरी होती. शून्य रुपयांचं कोटेशन ग्राह्य धरता येत नाही. दर नाही म्हणजे ती भेट. सरकारी नोकराने, ज्याच्याकडून तो नेहमी माल घेतो अशा व्यक्तीची भेट स्वीकारायची नसते, आणि नंदकिशोर तिच्याकडे दर रविवारी शहाळं पीत. त्यांनी तातडीने शहाळं बंद केलं. पण मागची शहाळी प्यायलेली होती, आणि ते अपचनासारखं त्यांच्या मनाला लागून राहिलं.

मग मार्च आला. सरकारी माणसाला मार्च काय असतो ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. न खर्चलेली तरतूद एकतीस तारखेला बुडते, आणि पुढच्या वर्षी तेवढी कापून मिळते. नंदकिशोर यांनी आयुष्यात एकही तरतूद बुडू दिली नव्हती. पंधरा दिवसांत गादी आली, भांडी आली, गळपट्टा, साखळी, रेनकोट, नखं कापायचं यंत्र, कोरड्या अन्नाचं पिंप. दिवाळीचं वसतिगृह आगाऊ भरलं. कुत्र्याच्या नावे विमाही उतरवायचा होता, पण कंपनीने फोटो मागितला.

घरात कुत्र्याचं सगळं होतं. हेमलताने पिंपात तूरडाळ भरून ठेवली.

त्याच सुमाराला मंजक्काने सांगितलं की उगादी, म्हणजे आपला पाडवा, झाली की ती मारतहळ्ळीला मुलाकडे जाणार, गाडा तिथेच लावणार. मुलाच्या घरमालकाला कुत्रा चालत नाही. मग गुंडूचं काय, असं नंदकिशोर यांनी विचारलं. तिने रस्त्याकडे हात केला. “रोड इदे सार. रस्ता आहे की.” मग तिने साध्या शब्दांत विचारलं, “नायी बेका, बेडवा?” कुत्रा हवा की नको. नंदकिशोर यांनी या प्रश्नाला दोन वर्षांत अनेक उत्तरं लिहिली होती, त्यांतलं एकही इतकं लहान नव्हतं. ते म्हणाले, स्वल्प थांबा.

त्या दिवसापासून ऋचाने विचारणं सोडलं. ती कोपऱ्यावरून न जाता मागच्या गल्लीने शाळेला जाऊ लागली. नंदकिशोर यांनी ही बाब ‘मागणी मागे घेतली’ अशी नोंदवली. पण त्या रात्री, वजनकाट्यावर मोजून घेतलेला भात त्यांनी पानात टाकला, आणि हेमलताने ते पाहिलं.

एकतीस मार्चला, उगादीच्या दुसऱ्या दिवशी, पुरुषोत्तमराव साठा तपासायला आले. चपला दाराशी काढल्या. कॉफी घेतली. गादी एक, बरोबर. भांडी दोन, बरोबर. रेनकोट एक, बरोबर. पिंपात वेगळं काही निघालं, पण साठ्यात पिंप मोजायचं, त्यातली तूरडाळ नव्हे, असा निर्णय त्यांनी जागच्या जागी दिला. खाली कोपऱ्यावर मंजक्काचा मुलगा गाड्याला दोर बांधत होता. खिडकीतून ते दिसत होतं. ऋचा खिडकीकडे पाठ करून बसली होती.

हेमलता कॉफीचा पेला उचलायला आली. ती आजवर कुठल्याही बैठकीत बोलली नव्हती.

“पुरुषोत्तमराव, तपासणीत वस्तू कमी भरली तर तुम्ही वसुली लावता ना?”

“लावतो. सोडत नाही.”

“आणि जास्त भरली तर?”

पुरुषोत्तमरावांचा चेहरा उजळला. असा प्रश्न त्यांना नोकरीत कुणी विचारला नव्हता. त्यांनी नियम म्हणून दाखवला, डोळे मिटून, एखादं स्तोत्र म्हणावं तसा. तपासणीत जास्त आढळलेली वस्तू शून्य किमतीने साठ्यात जमा करावी. कोटेशन नको. मंजुरी नको. मात्र ती एकदा जमा झाली की बाहेर काढायला सक्षम अधिकाऱ्याची लेखी मंजुरी लागते.

“आणि ती देतो कोण?” हेमलताने विचारलं.

“कुणीच देत नाही. मी तर नाहीच.”

“मग पलंगाखाली बघा एकदा.”

पुरुषोत्तमराव गुडघ्यांवर बसले. पलंगाखालून आधी पडलेला कान आला, मग उभा, मग तोंड, आणि तोंडात पुरुषोत्तमरावांची डाव्या पायाची चप्पल. उजवी दाराशी शाबूत होती. म्हणजे मूळ हरकत बरोबरच होती, आणि ती सिद्ध झाल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर चपलेच्या दुःखापेक्षा जास्त काळ टिकलं. त्यांनी पेन काढलं. कुत्रा, तांबूस, एक. जास्त आढळला. नंदकिशोर यांनी सही केली. त्यांची सही एरवी यंत्रासारखी येते. या वेळी शेवटचं अक्षर ओळीबाहेर गेलं.

ऋचा तोवर जमिनीवर होती.

त्यानंतरचं वर्ष अंदाजपत्रकाला धरून गेलं नाही. गुंडू कोरडं अन्न खात नाही, दहीभात खातो, तोही नंदकिशोर यांच्या पानाशेजारी बसून. गादीवर झोपत नाही. दिवाळीत पुण्याला कुणी गेलंच नाही. चपलांवरचा खर्च मात्र तरतुदीच्या नऊपट झाला, आणि त्यातला बराचसा शेजारी गेला.

एकदा रविवारी तक्ता पुन्हा जुळवताना ऋचाने विचारलं, “अण्णा, माझंही असं केलं होतं का?”

नंदकिशोर यांनी चष्मा पुसायला घेतला. उत्तर हेमलताने दिलं. “केलं होतं की. पुरुषोत्तमरावांच्या हरकती निघेपर्यंत तू रांगायला लागलीस.”

एवढं वाचूनही कुत्र्याचा वार्षिक खर्च नेमका किती, तो एकूण आकडा कुठेच आला नाही, हे ज्यांच्या लक्षात आलं आणि खटकलं, त्यांचं अभिनंदन. आकडा तयार आहे. तो मागण्याआधी त्यांनी आपल्या घरच्यांना एवढंच विचारावं, की आपण स्वतः या घरात मंजुरीने आलो की जास्त आढळलो. (मंजुरीने, असं उत्तर आलं तर कागद मागावा.) उत्तर काहीही येवो, घाबरायचं कारण नाही. आपला वार्षिक खर्च घरच्यांनी कधीच काढून ठेवलेला असतो. फक्त बाहेर काढायच्या मंजुरीवर सही करणारा त्यांना अजून सापडलेला नाही.