गिरमाजीपंत पारखी यांनी सटवाजी कासार निवडिला ती हकीकत

श्रीगजानन प्रसन्न असो, मैदान कोरडे राहो, आणि ज्याच्या हाती दांडू त्याच्या पाठीशी दैव उभे राहो. शके अठराशे अठ्ठ्याऐंशी, पराभव नाम संवत्सर, ते साली बेसबॉलाच्या एका थोर दौलतीत जे वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे. दौलत थोर खरी, परंतु मागील मोहिमेत फौज अगदी धुळीस मिळाली, फेकंदाजाने चेंडू फेकावा तो दुश्मनाने कुंपणापार धाडावा, आणि आपल्या गड्यांनी दांडू फिरवोन वारा घेत परत यावे, ऐसे होऊन दौलतीचे धनी श्रीमंत सर्व दौलतींत शेवटी राहिले. दुःखात सुख इतकेच की या खेळाचा कायदा मोठा दयाळू. दर साल निवडीचा दरबार भरतो, तेथे पाठशाळांतील हौशी गडी, ज्यांनी अजून कोणाचे मीठ खाल्ले नाही, ते सर्व दौलतींनी वाटून घ्यावयाचे, आणि जो सर्वांत खाली राहिला त्याने प्रथम नाव पुकारावे. एकदा पुकारिले की फिरविणे नाही, आणि गडीच येत नाही म्हणाला तर ती निवड पाण्यात.

निवडीचे काम गिरमाजीपंत पारखी यांजकडे. पंत मोठे चिवट, तोंडाने फटकळ, परंतु नजर ऐसी की गडी चालत आला तरी धावेल कैसा ते सांगावे. तथापि दैव फिरले होते. लागोपाठ दोन निवडी वाया गेल्या, एकाचा खांदा उतरला आणि दुसरा घरच्या आठवणीने पळोन गेला. मग श्रीमंतांनी पंतांस बोलाविले आणि म्हणाले, "पंत, ही तिसरी खेप. हीही फसली तर पारखीपद गेले समजा." पंतांनी मान लविली. त्या पदावाचून दुसरे काही त्यांस येत नव्हते आणि आवडतही नव्हते.

तेव्हा दिवाण विसाजीराव पुढे सरसावोन बोलिले, "महाराज, दांडूवाल्यामागे उकिडवा बसोन चेंडू झेलणारा आपला गडी अंगठा मोडोन पडला आहे. घर गळते तेथेच कौल घालावा. झेलकरीच निवडावा." पंत म्हणाले, "दिवाणसाहेब, आज निवडिलेला गडी धाकट्या ठाण्यांवर मुरोन थोरल्या फौजेत यावयास चार साले जातात. तोवर हा अंगठा बरा होईल आणि भलत्याचाच गुडघा जाईल. आज भूक लागली म्हणोन कोणी आंब्याची कोय पुरीत नाही. जो सर्वांत उत्तम, तो घ्यावा." श्रीमंतांनी निवड पंतांवरच सोडिली.

मग पंत दौडत एका आडगावी गेले. तेथे चंपूबाई नामे कासारीण बांगड्या भरोन पोट भरीत असे, तिचा पुत्र सटवाजी. धावत्या गड्याने ओळीने गाठावयाच्या चौक्या मैदानात असतात, त्यांतील दुसऱ्या चौकीजवळ उभा राहोन जमिनीवरचा चेंडू ऐसा उचली की पाहणाऱ्याने तोंडात बोट घालावे. परंतु त्यास मोठ्या पाठशाळेत जागा मिळाली होती, आणि आई म्हणेल तेच करणार म्हणोन बसला होता. इतर दौलतींचे वकील येऊन नाना वचने देऊन गेले होते. चंपूबाईने पंतांस पाट दिला आणि विचारिले, "पारखीदादा, माझा पोरगा थोरल्या फौजेत जाईल का? तेवढं सांगा."

पंत म्हणाले, "बाई, ठाऊक नाही. दहा निवडावे तेव्हा दोघे पोचतात. तुमचा पोचेल ऐसे माझे मन सांगते, पण माझे मन याआधी दोनदा फसले आहे."

"बाकीचे सगळे म्हणाले, राजा होईल."

"त्यांनी त्यास जिंकताना पाहिले. मी मुद्दाम हरण्याच्या दिवशी येतो. तुमचा पोरगा हरला, दांडू आपटला नाही, आणि पुन्हा उभा राहिला तो आधीहून शहाणा होऊन."

चंपूबाई हसली. म्हणाली, "बांगडी भरताना हात दुखणारच न्हाई म्हणतो तो कासार खोटा. न्या माझ्या लेकाला. पण दादा, घाई करू नका. घाईनं बांगडी फुटती."

मग दरबारी पंतांनी सटवाजीचे नाव पुकारिले, आणि एकच हशा पिकला. विसाजीराव म्हणाले, "दुसऱ्या चौकीचे राखणदार आपणाकडे दोन आहेत. हा तिसरा काय लोणचे घालावयास?" पंतांनी ऐकोन न ऐकिल्यासारखे केले. आणि पुढे पहिले साल गेले, दुसरे गेले, सटवाजी धाकट्या ठाण्यावर धडपडतच होता. तिसऱ्या साली तेच, आणि दिवाणाने श्रीमंतांचे कान भरिले, आणि पारखीपद गेले. पंत घरी येऊन लहान मुलासारखे रडले, आणि चंपूबाईस त्यांनी काही कळविले नाही.

चौथ्या साली सटवाजी थोरल्या फौजेत आला आणि ऐसा तळपला की दौलत तळातून उठोन सर्व दौलतींत सरताज कोण ते ठरविणाऱ्या शेवटच्या लढाईस थेट पोचली. पंत दाटीत, सर्वांत मागील पायरीवर, दमडीच्या जागी बसले होते. लढाई अगदी शेवटास आली, एक गडी बाद झाला की सर्व बुडाले, ऐसा समय, आणि सटवाजीने चेंडू दोन राखणदारांमधोन कुंपणापर्यंत लोळविला, आणि दोन गडी चौक्या फिरोन घरी, म्हणजे निघाल्या जागी, आले, आणि जय जाहला. रिवाज ऐसा की जयाचा चेंडू श्रीमंतांस नजर करावा. सटवाजी चेंडू घेऊन निघाला तो श्रीमंतांची बैठक ओलांडोन वर चढू लागला, आणि मागील पायरीवर जाऊन त्याने तो पंतांच्या ओंजळीत ठेविला. दिवाणाचे तोंड एरंडेल प्याल्यागत जाहले. पंतांचे डोळे वाहू लागले.

मग श्रीमंत स्वतः पायऱ्या चढोन आले, पंतांशेजारी त्याच फळीवर बसले आणि म्हणाले, "पंत, आम्ही चुकलो. पद परत घ्या."

पंत नाक पुसोन म्हणाले, "घेतो. पण या खेपेस पाच साले काही बोलू नका."

श्रीमंतांनी सर्वांदेखत वचन दिले. पुढे पंतांनी पाच सालांत दोन गडी साफ चुकीचे निवडिले आणि तीन ऐसे निवडिले की दौलतीचे नाव दिगंतास गेले. पंतांची नजर थोर यात संशय नाही. परंतु त्या दोन चुकांचे वेळी ओठ दाबोन गप्प राहिले, ते श्रीमंतही थोरच म्हणावे. इति.