उपग्रहाची पत्रिका

"अगं, शैलाचं लग्न मोडावं लागणार."

सप्टेंबर पंच्याऐंशीतल्या त्या सकाळी मल्हारी पगारांनी वर्तमानपत्र खाली ठेवत ही घोषणा केली, तेव्हा लताबाई पोहे परतत होत्या. त्यांचा हात थांबला. आतल्या खोलीत शैलाचं गुणगुणणंही थांबलं.

"काय झालं?"

"अमेरिकेनं विमानातून क्षेपणास्त्र सोडून आकाशातला उपग्रह फोडला."

"कुणाचा?"

"स्वतःचाच."

"मग फोडेना का! आपलं काय जातंय?"

पगार हेडक्लार्क. कुठल्याही फायलीत आधी संकट शोधायचं, ही त्यांची सवय. त्यांनी समजावलं, की होणारा जावई वाल्मीक नाशिकच्या नव्या टीव्ही केंद्रावर तंत्रज्ञ. कार्यक्रम दिल्लीहून उपग्रहावर जातो आणि उपग्रहावरून नाशकात उतरतो. उद्या कुणी आपला उपग्रह फोडला की केंद्राला कुलूप, वाल्मीक घरी आणि शैला सायखेड्याला सासूबरोबर कांदे निंदायला. आणि जो स्वतःचा फोडतो, तो दुसऱ्याचा कशाला ठेवेल?

संध्याकाळी वाल्मीक आला, तेव्हा पगारांनी आडून आडून चौकशी केली. वाल्मीक हरखला. सासुरवाडीत त्याच्या कामाबद्दल आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यानं उपग्रह कधी उडाला, कुठून उडाला, त्याच्या आधीचा कसा बंद पडला, लहानपणी याचा सौरपंखा कसा उघडत नव्हता, सगळं सांगितलं.

"आणि मामा, ते शस्त्र खालच्या उपग्रहांसाठी आहे. आपला लय उंच. तिथवर पोचत नाय ते."

तो गेल्यावर पगार म्हणाले, "वरपक्ष कधी आपल्या मालातली खोट सांगतो का?"

"मग गुरुजींना विचारा," लताबाई म्हणाल्या. "वाल्मीकरावांची पत्रिका बघितली. पण ते ज्याच्या जिवावर संसार करणार, त्याची कुठं बघितली?"

पगारांना हे एकदम पटलं.

पंचवटीतल्या गुरुजींसमोर बसल्यावर मात्र, हे यंत्र आहे असं सांगायची त्यांना लाज वाटली. त्यांनी शैलाची पत्रिका पुढे केली आणि वर्ष गाळून नुसतीच जन्मवेळ सांगितली. "गोकुळाष्टमीच्या तोंडावर. भरदुपारी, आपल्या वेळेनं. जन्म अमेरिकेत."

गुरुजींनी चष्मा पुसला. "करतो काय?"

"फिरतो."

"कुठे?"

"एकाच जागी."

"घरचं कोण?"

"सगळं सरकारच बघतं. थोरला भाऊ होता, तो पाच महिन्यांत गेला."

"अरेरे! याची प्रकृती?"

"सुरुवातीला एक बाजू उघडत नव्हती. आता बरा आहे."

गुरुजींनी बराच वेळ बोटं मोजली. "स्थान फार उच्च आहे."

"फारच. पण गुरुजी, शस्त्राचं भय?"

"नाव नाही! आणि शैलाशी काय जुळतंय! बत्तीस गुण. डोळे झाकून द्या."

पगारांनी 'भय नाही' एवढंच ऐकलं आणि घरी येताना पेढे आणले.

आता गुरुजी दोन्ही घरांचे एकच. दुसऱ्या दिवशी वाल्मीकची आई कुसाबाई भाजी घेऊन पंचवटीच्या बाजारात आली, तेव्हा गुरुजींनी सहज विचारलं, "पगारांनी अमेरिकेचं स्थळ बघितलं, तुम्हाला कळवलं ना?"

स्थळाची सगळी हकीकत ऐकून कुसाबाई भाजी तिथंच टाकून, वाल्मीकला केंद्रावरून उठवून, थेट पगारांच्या दारात उभ्या राहिल्या.

"इवाई, माझं पोरगं काय रस्त्यावर पडलंय? अमेरिकेचा गावला म्हणून आमाला वाऱ्यावर सोडता?"

"कोण अमेरिकेचा?" लताबाई गोंधळल्या.

"त्योच, एका बाजूनं अधू! थोरला भाऊ मेलेला! असल्याला पोर देता व्हय?"

"विहीणबाई, तो उपग्रह आहे हो!" पगार ओरडले.

"आसंल लय मोठा! आमी काय कमी हाये? लग्न मोडलं म्हणून समजा!"

वाल्मीकचा चेहरा उतरला होता. पण 'अधू' ऐकून तो थबकला. "मामा, भाऊ पाच महिन्यांत गेला का?"

"हो."

"आई, मी ओळखतो याला. आम्ही रोज याच्याकडूनच कार्यक्रम घेतो. यंत्र आहे ते, वर आकाशातलं."

कुसाबाई मटकन खाली बसल्या. यंत्राला पत्रिका कशी आणि ती यांच्या पोरीशी का जुळवली, ते त्यांना कळेना. पगार सांगू लागले तशी ती गोष्ट त्यांची त्यांनाही कळेनाशी झाली.

शेवटी कुसाबाईंनी विचारलं, "किती गुण जुळले?"

"बत्तीस."

"आन् आमच्या वाल्मीकचे?"

पगारांनी बायकोकडे पाहिलं. लताबाई हळूच म्हणाल्या, "एकोणीस."

कुसाबाईंचं तोंड एवढंसं झालं. वाल्मीक चपला शोधू लागला. लग्न आता खरोखरच मोडतंय, आणि ते नेमकं कुणामुळे, हे पगारांना सांगता येईना.

तेवढ्यात शैला पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तिनं पहिला पेला वाल्मीकच्या हातात दिला आणि वडिलांकडे वळून म्हणाली, "बाबा, बत्तीसवाल्याला राहू द्या तिकडं वरच. मला हा एकोणीसवालाच पाहिजे."