बिनकडीचं बाथरूम

"सूनबाई, जरा तुज्या सासूला पाठव गं इकडं."

चन्नबसप्पांची हाक बाथरूममधून आली. शिवरंजनी लेकीला, उमाला, वरणपोळी भरवत होती. ती तशीच उठून धावली.

"अप्पा! पडलात का?"

"न्हाई."

"चक्कर आली?"

"न्हाई गं. दार उघडंना गेलंय."

शिवरंजनी दाराकडे बघतच राहिली. दार न उघडायला काही कारणच नव्हतं. त्याला कडीच नव्हती. ती तिनंच काढून टाकली होती.

त्याचं असं झालं होतं. सासूबाई, बसम्मा, गावी पोखर्णीला अंगणात घसरल्या आणि मनगट मोडून बसल्या. दोघं परभणीला लेकाकडे आले. प्लास्टर निघालं तसं चन्नबसप्पांनी जाहीर केलं, "सोमवारी गावाकडं जायचं." गावातलं घर म्हणजे उंच पायऱ्या, अंधारी मोरी आणि हाकेला कुणी नाही. नुसत्या विचारानं शिवरंजनीची झोप उडायची. उमा रांगायला लागली तेव्हा तिनं स्वतः घरभर रांगून कोपरे तपासले होते. आता तिनं मोबाईलवर वाचून घर म्हाताऱ्या माणसांच्या बेतानं तपासलं. सोमवारच्या आत ते इतकं सोयीचं करायचं, की दोघांचा पायच निघू नये.

बन्सीधर मिस्त्रीनं तिच्या सांगण्यावरून बाथरूमचा उंबरा फोडला, कारण त्याला पाय अडकतो. दार बाहेर उघडेल असं फिरवून बसवलं, कारण आत कुणी पडलं तर ते अडू नये. भिंतीला धरायला स्टीलची दांडी ठोकली. दारातलं पायपुसणं घसरतं म्हणून शिवरंजनीनं माळ्यावर टाकलं. सगळ्यात शेवटी आतली कडी काढली आणि घराला नियम सांगितला, आत जाताना बाहेर टॉवेल टांगायचा.

 दोन दिवस चन्नबसप्पा आंघोळ करता करता मोठमोठ्यानं खाकरत राहिले, कुणी दार ओढू नये म्हणून. आज त्यांनी आपल्या परीनं बंदोबस्त केला होता. आंघोळीनंतर नेसायच्या धोतराचं एक टोक दाराच्या मुठीला बांधलं आणि दुसरं दांडीला. गाठ मारली ती बैल बांधायची.

"मग सोडा की गाठ!" बसम्मा बाहेरून म्हणाल्या.

"मगापासून तेच करायलोय. बादली कलंडली अन् गाठ भिजली. आता नख शिरंना."

"थांबा अप्पा, मी बाहेरून ओढते," म्हणत शिवरंजनीनं दार जोर लावून ओढलं.

"अगं ओढू नको! तू ओढायलीस की ती आणखी आवळायलीय!"

शिवरंजनीनं नवऱ्याला फोन लावला. शंभुराज पूर्णेला रेल्वेत कामावर होता.

"अप्पा बाथरूममध्ये अडकलेत."

"कडी लागली का?"

"कडी कुठंय? आपण काढली ना."

"मग अडकले कसे?"

"धोतरानं."

पलीकडे गाडीची लांब शिट्टी झाली. मग तो म्हणाला, "मिस्त्रीला बोलव."

मिस्त्री मानवतला कामावर होता. "भाऊ, ती दांडी आतून उपटून निघेल का?" शिवरंजनीनं फोनवर विचारलं.

"निघंल?" बन्सीधरला वाईट वाटलं. "वैनी, तिला म्हैस बांधा. भिंत येईल, पण दांडी न्हाई. तुमीच म्हणलात ना, मजबूत पायजे म्हणून?"

तोवर शिवरंजनीला खरी काळजी आठवली. चन्नबसप्पांनी मधुमेहाची गोळी उठल्याबरोबर घेतली होती. गोळी पोटात आणि वर अन्न नाही. आंघोळ झाल्यावर, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय ते घास घेत नसत. औषधाला मात्र त्यांच्या स्वामींनी मोकळीक दिली होती.

"अप्पा, हात थरथरायलेत का?"

"जरा जरा."

ती गुळाचा खडा घेऊन आली. उंबरा नसल्यामुळे दाराखाली चांगली फट होती. कागदात गुंडाळून तिनं तो आत सरकवला.

"औषध म्हणून घ्या."

"गूळ कदी औषध झाला? पूजा राह्यलीय माझी."

"मग तिथंच करा पूजा. लिंग तर गळ्यातच हाय," बसम्मा म्हणाल्या.

"मोरीत पूजा करू व्हय? भरम झालाय का तुला?"

"अन् मोरीत चक्कर येऊन पडलेलं चालंल? तुमाला उचलायला आता मनगट कुणाचं मोडू?"

आतून पुन्हा गाठीशी झटापट ऐकू आली.  मग चन्नबसप्पा शांतपणे म्हणाले, "कात्री दे."

हे तिला कितीतरी वेळा सुचलं होतं आणि तिनं तितक्याच वेळा मनातून हाकललं होतं. ओली फरशी, थरथरता हात आणि त्यात कात्री!

"अप्पा, आधी दांडी धरा. एका हातानं दांडी, एका हातानं कात्री. अन् टोक खाली ठेवा."

"सूनबाई, मी उसाची तोडणी केलेला माणूस हाय."

तिनं उमाच्या भीतीनं कुलपात ठेवलेली कात्री काढली आणि टोक आपल्याकडे ठेवून, मुठीकडून आत सरकवली. आतून कचकच ऐकू आली. "नवं धोतर," असा एक सुस्काराही आला. दार सैल झालं.

"सूनबाईला आतल्या खोलीत जाऊ दे," चन्नबसप्पा म्हणाले. "मी ओल्या पंच्यावर हाय."

सासऱ्यांना तशा अवतारात बघायचं नाही म्हणून शिवरंजनी पदर सावरत झटक्यात वळली. कलंडलेल्या बादलीचं पाणी अडवायला उंबरा नव्हता, टिपायला पायपुसणं नव्हतं. ते चुपचाप हॉलपर्यंत येऊन बसलं होतं. तिचा पाय त्याच्यावर पडला आणि घोट्यातून कट्ट असा आवाज झाला.

चन्नबसप्पा पंच्यावरच धावत आले. अवताराचा विचार मग कुणीच केला नाही. बसम्मांनी त्यांच्या तोंडात गूळ कोंबला, तो त्यांनी मुकाट्यानं चघळला आणि सुनेला बगलेत धरून पलंगावर नेलं.

संध्याकाळपर्यंत शिवरंजनीचा पाय प्लास्टरमध्ये होता. शंभुराजनं भीत भीत विचारलं, "अप्पा, मग सोमवारचं?"

"सोमवारचं काय? हिला अशी टाकून जातो व्हय? पाय नीट होईस्तोवर आमी इथंच."

शिवरंजनीनं डोळे मिटले. दुखत होतं, तरी तिला लय बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बन्सीधर पिशवी घेऊन आला. पलंगावरून तिनं आवाज दिला, "या भाऊ. अप्पांसाठी कडी बसवून द्या. आजच."

"कडी नको," चन्नबसप्पा मधेच म्हणाले. "उंबरा बसव."

"अहो अप्पा, मला पण आंघोळीला जायचंय. मला कडी लागते."

"मोडक्या पायानं आत पडलीस तर दार कोण फोडणार?" चन्नबसप्पांनी बाथरूमबाहेर दोन खुर्च्या आणून ठेवल्या. "टॉवेल टांगायचा. आमी दोघं हाव इथं बसून. अन् मधून मधून खाकरत जा, म्हणजे आमाला कळंल."