हूरबाईच्या पत्राचें उत्तर

श्रीशारदा प्रसन्न. जिनें अक्षर दिलें तिनेंच तें पाठविण्याचें धैर्य द्यावें. शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरे, पौष मासीं, सात इमारती व भोंवतीं एक कुंपण एवढ्या राज्यांत लोकोत्सव मांडिला, ते समयीं चिटणीस अंताजीपंत यांस उत्तर न दिलेलें एक पत्र आठवलें. पत्र कच्छ देशींच्या हूरबाईचें. तिनें श्रावणांत लिहिलें होतें कीं, आम्ही भरतकाम करणाऱ्या बायका, सोबत ढोल वाजविणारे भाऊ, तुमचे उत्सवास येऊं इच्छितों. नको असल्यास कळवावें, न कळविल्यास होकार समजूं. पंत ग्रंथ वाचतां वाचतां वृद्ध जाहलेले, स्वभावें भिडस्त. अनोळखी बाईस मायना कोणता घालावा, सौभाग्यवती म्हणावें तर खात्री नाहीं, गंगाभागीरथी म्हणावें तर भलताच अनर्थ, ऐशा विचारांत मसुदे लिहिले आणि फाडिले आणि उत्तर गेलें नाहीं.

मग उत्सवाचे दिवशीं मैदानांत एकीकडे घावणे, एकीकडे मोमो, झाडाखालीं मधुबनी काढणाऱ्या बायका आणि मंचावर बिहूचा नाच, ऐसा थाट चालिला असतां दरवाजासमोर टेंपो उभे राहिले आणि त्यांतून हूरबाई सगळ्या गोतासह उतरली. राज्य थक्क जाहलें. अध्यक्ष चौबळसाहेब धांवत आले आणि तुम्हांस बोलाविलें कोणी, मंचावर जागा नाहीं, परत जावें, ऐसें बोलिले. हूरबाई म्हणाली, "नाही म्हणायचं होतं तर लिहायचं, साहेब. घरांना कुलपं लावून आलोय आम्ही. लेखी विचारलं होतं, लेखी सांगा."

साहेबांनीं दरवाजा लावविला. मग ती रस्त्यावरच बसली, शेगडी पेटविली, बाजरीचे रोटले थापूं लागली आणि भावांनीं ढोलावर हात टाकिला. त्यासरशीं मंचापुढील खुर्च्या ओस पडल्या, लोक हातीं ताटल्या घेऊन कुंपणाशीं दाटले आणि खुद्द साहेबांच्या मातोश्री, ज्यांस गुडघ्यांमुळें खुर्ची सोडवत नव्हती, त्या गजांतून हात घालून रोटला घेत्या जाहल्या. साहेबांनीं तें पाहिलें. मग म्हणाले, "पंत, लिहून द्या तिला. पार्किंगमध्ये, मागच्या बाजूला, पंधरा मिनिटं."

पंतांनीं कागद घेतला. मायना सुचेना, तो गाळिला, दोनच ओळी लिहून लखोटा बंद केला, वर कच्छचा पत्ता घातला आणि श्रावणापासून खिशांत राहिलेलें तिकीट लाविलें. साहेबांनीं हात पुढें केला. "दाखवा. दुरुस्त करून देतो." पंतांनीं जन्मभर आपला प्रत्येक मसुदा ज्याच्या त्याच्या हातीं दुरुस्तीस दिला होता. परंतु ते समयीं काय संचरलें न कळे, ते दिंडीदरवाजांतून बाहेर पडले आणि रस्त्यावरील टपालपेटींत लखोटा टाकिते जाहले. सर्वांचे डोळे विस्फारले.

"अहो पंत, हे काय केलंत?"

"पेटीत पडलं म्हणजे पत्र त्यांचं झालं, साहेब. आता दुरुस्ती नाही."

हूरबाईनें विचारिलें, लिहिलें तरी काय. पंत आपल्याच आवाजास दचकत म्हणाले, "या. मोठ्या मंचावर या."

द्वारपाळानें साहेबांकडे पाहिलें, मातोश्रींकडे पाहिलें आणि दरवाजा सताड उघडिला. येणेंप्रमाणें वर्तमान: राज्य अचंब्यांत बुडालें, मंच कच्छाच्या हातीं गेला आणि श्रावणांतील पत्राचें उत्तर पौषांत डाकेंत पडलें.