भरमाण्णाची माची

फळी कुरकुरते म्हणून सुताराशी भांडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. फळी कुरकुरत नाही म्हणून भांडणारा मात्र जन्मात एकच भेटला. आमचा शेजारी भरमाण्णा.

"ही गप्प का रं बसली?" नव्याकोऱ्या फळीवर उभा राहून भरमाण्णा विचारत होता.

"गप बसावी म्हणूनच ठोकली न्हवं?" यल्लाप्पा सुतार म्हणाला.

"जुनी बोलत हुती. ही बी बोलाय पायजे. न्हायतर उचल."

यल्लाप्पाने हातोडा खाली ठेवला आणि कुंपणाअलीकडे उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं. शिकलेला माणूस काही खुलासा करील अशी त्याची अपेक्षा असावी. मी आपला आभाळाकडे बघत राहिलो.

पण हे पुढचं झालं. आधी भरमाण्णा सांगायला हवा.

लढाईच्या दिवसांत मी गुंजीला शाळामास्तर होतो. शाळा, स्टेशन, भरमाण्णाचं किराणा दुकान आणि भोवती रान, एवढाच गावाचा पसारा. भरमाण्णा मूळचा निपाणीकडचा जैन. किंमत विचारायची ती कानडीत आणि घासाघीस करायची ती मराठीत, असा त्याचा शिरस्ता होता. "एष्टु?", म्हणजे केवढ्याला, हा त्याचा श्वासच. माझ्या नव्या टोपीकडे बघून "एष्टु?", शाळेच्या घंटेकडे बघून "एष्टु?". मयताला गेला तरी खांदा देता देता शेजारच्याला हळूच विचारायचा, "लाकडं कशी पडली?" त्याने लग्न केलं नव्हतं. लग्नाला एष्टु म्हणून विचारलं आणि आकडा ऐकून परत आला, असं गाव म्हणायचं.

बूड टेकून बसलेला भरमाण्णा मी कधी पाहिला नाही. गिऱ्हाइकाचा गूळ तोलताना एक पाय दुकानात, एक रस्त्यावर. गाडीने शिट्टी दिली की हा स्टेशनकडे धावणार. कुणी यायचं असायचं असं नाही, पण कुणी आलंच तर? दिवस मावळायच्या आत जेवायचा त्याच्या घरचा नेम, आणि गुंजीच्या पावसाळ्यात पंधरा-पंधरा दिवस सूर्य दिसत नाही. मग दुपारपासूनच कुंपणाशी येऊन याचा घोर सुरू. "मास्तर, तुमच्यात घड्याळ हाय. मावळला का ओ?" शेवटी जिवाला घोर नको म्हणून चारलाच जेवायचा आणि रात्रभर पोट धरून घरात फेऱ्या मारायचा.

या वाऱ्याला धरून ठेवणारं एकच माणूस होतं, त्याची थोरली बहीण पद्माक्का. लहानपणीच विधवा झालेली. आई गेल्यावर भरमाण्णाला हिनेच वाढवलं. भारी नेमाची बाई. प्यायचं पाणी विहिरीवर जाऊन स्वतः ओढायचं आणि दुहेरी फडक्यातून स्वतःच गाळायचं. दुसऱ्याने गाळलेलं तिला चालत नसे. गुंजीच्या पावसात परसात पाय ठेवला तर चिखलात पोटरीपर्यंत रुततो, म्हणून मागच्या दारापासून विहिरीपर्यंत लाकडी माची होती. दगडांवर वासे, वाशांवर आडव्या फळ्या. न्हाणीपाशी ती डावीकडे वळायची. आक्काची सगळी ये-जा तिच्यावरूनच.

एका दिवाळीला निपाणीहून त्यांचा थोरला भाऊ आला. तंबाखूची वखार, वाडाभर माणसं, तीन सुना. सगळ्यांसमोर म्हणाला, "आक्का, आता थकलीस. चल तिकडं. सुना करतील तुझं."

आक्काने शांतपणे सांगितलं, "माझ्या पायानं हिरीवर जाऊन माझं पाणी आणते, तवर मी हितंच. ज्या दिशी माझा कुणाला हात धराय लागंल, त्या दिशी मीच गाडीत बसीन. भरमाला वझं हुनार न्हाय."

आक्का बोलली की ती दगडावरची रेघ. हे मला माहीत होतं आणि भरमाण्णाला माझ्याहून जास्त. त्या संध्याकाळी त्याने कशाचीही किंमत विचारली नाही.

आणि नेमकी त्याच वर्षी माचीने मान टाकली. वाळवी लागली, दोन फळ्या खचल्या. मिरगाच्या आत काम झालं नाही तर आक्का एखाद्या दिवशी कळशीसकट खाली जाणार, हे आंधळ्यालाही दिसत होतं. झालं! भरमाण्णाचे सुतार सुरू झाले.

खानापूरचा सुतार म्हणाला, आख्खी उपसून नवी घालतो, चाळीस रुपये. दर वाजवी होता. भरमाण्णाने त्याला चहा पाजून परत पाठवला. मग लष्कराच्या कॅम्पातला एक मिस्त्री आला, बूट घालून. साहेब लोकांच्या बंगल्यांची कामं करणारा. "दारातून विहिरीपर्यंत सरळ काढू. वळण कशाला पाहिजे? लाकूड वाचेल," तो म्हणाला.

"वाकडी हाय, वाकडीच ऱ्हाऊ दे," भरमाण्णा म्हणाला. ज्याने दोन पैशांसाठी गिऱ्हाइकाशी तासभर वाद घातला, त्याला वाचणारं लाकूड नको होतं! मिस्त्री बूट वाजवत गाडीला गेला.

मी म्हटलं, "भरमाण्णा, शहाबादी फरशी टाका. जन्माचं काम होईल."

"फरशी मुकी असती, मास्तर."

याला कसला अर्थ? मी नाद सोडला.

शेवटी बेळगुंदीहून यल्लाप्पा आला. भरमाण्णाने त्याला अट घातली. माची उपसायची नाही. एक फळी काढायची, त्याच मापाची, त्याच जाडीची दुसरी त्याच जागी ठोकायची. मग दोन-चार दिवस गप्प बसायचं आणि पुढची घ्यायची.

यल्लाप्पा हसला. "आण्णा, हे म्हंजे एकेक केस उपटून हजामत करन्यासारखं. लढाईनं खिळं मिळंनात. सारखं यायचं-जायचं. साठ पडतील."

मी कान टवकारले. आता घासाघीस सुरू होणार, दुपार मजेत जाणार. भरमाण्णाने दोन्ही पाय हलवले, एकदा स्वैपाकघराच्या दाराकडे बघितलं आणि म्हणाला, "कर."

यल्लाप्पाचा चेहरा बघण्यासारखा झाला. ऐंशी सांगितले असते तर बरं झालं असतं, हे त्यावर स्पष्ट लिहिलं होतं.

त्यातच न्हाणीच्या वळणावरची ती मुकी फळी आली. दोन दिवस भांडण चाललं. शेवटी यल्लाप्पाने वैतागून खिळा सैल केला, खाली लाकडाची पाचर सरकवली आणि फळीवर पाय दिला. फळी अशी करकरली की माझ्या अंगणातली कोंबडी उडाली. भरमाण्णा खुलला. "आता कशी बोलली!" यल्लाप्पाने ही गोष्ट खानापूरच्या बाजारापर्यंत पोचवली. बाजाराला जाणारे लोक खास वाट वाकडी करून दुकानात यायचे आणि "भरमाण्णा, आमच्याकडं करकरनारा पलंग हाय, घेतोस का?" म्हणून विचारायचे. तो पलंग एष्टु म्हणून विचारतही नसे. हेही नवलच.

एका सकाळी मी दात घासत अंगणात आलो, तर भरमाण्णा माचीवर. अनवाणी, डोळे गच्च मिटलेले, पाय चाचपत चाललेला. करकरणाऱ्या फळीनंतर वळायचं तो विसरला आणि सरळ न्हाणीच्या पाण्यावरच्या अळवात गेला. कंबरेपर्यंत अळू, तोंडावर पाणी. मी हात देऊन वर काढला आणि मग मात्र माझा पारा चढला.

"भरमाण्णा, वेड लागलंय का तुम्हाला? चाळीसच्या जागी साठ घालवता, चांगल्या फळ्या बिघडवून घेता, आता डोळे मिटून उड्या मारता! गाव हसतंय!"

त्याने माझं मनगट पकडलं.

"हळू बोला, मास्तर. आक्का हाय आत." मग अगदी माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "दिसत न्हाय ओ तिला. वरीस झालं. कायबी दिसत न्हाय."

मला खरंच वाटेना. पद्माक्का रोज मला "मास्तर, शाळंला चाललासा?" म्हणून विचारायची. ती माझ्या वहाणांचा आवाज ओळखत होती, हे माझ्या आत्ता डोक्यात आलं.

"मला ती सांगत न्हाय. मला ठावं हाय हे बी मी तिला सांगत न्हाय. पायानं वळखती ती समदं. कुठली फळी हलती, कुठली बोलती, त्येवरनं वळती. आख्खी माची नवी केली तर पयल्याच दिशी पडंल. पडली की मी हात धरनार. आन् हात धरला की..." स्टेशनवर गाडीची शिट्टी झाली. त्या दिवशी तो धावला नाही. "मला तिच्याबिगर कोन हाय ओ, मास्तर?"

मी त्याच्या धोतराला चिकटलेलं अळवाचं पान तेवढं काढून टाकलं. त्यानंतर गावात कुणी करकरणाऱ्या पलंगाची थट्टा केली की मी त्याच्या अंगावर जायचो, आणि मास्तरलाही शेजाऱ्याचा गुण लागला असं लोक म्हणू लागले.

मिरगाच्या तोंडावर शेवटची फळी बसली, विहिरीच्या अगदी अलीकडची. मी आणि भरमाण्णा माझ्या बाजूने कुंपणाशी उभे होतो. आक्का दारात आली. कमरेवर कळशी, खांद्यावर गाळायचं फडकं. ती सावकाश चालू लागली. वळणावरची फळी करकरली, आक्का वळली. भरमाण्णाने श्वास सोडला.

शेवटच्या फळीवर ती थांबली.

तेव्हा आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं. जुन्या फळीला तिच्याच टाचांनी इतक्या वर्षांत मधोमध खळगा पडला होता. माप घेतलं, जाडी घेतली, आवाज घेतला. विहीर आली हे तिच्या टाचेला सांगणारा खळगा राहून गेला. आक्का उजव्या पायाने ती सपाट फळी चाचपत उभी होती. पुढे विहिरीचा कठडा होता. भरमाण्णाने कुंपणावर पाय टाकला होता, मी त्याला मागे खेचला.

"आक्का," तो तिथूनच ओरडला, "जुनीच हाय गं ती! वाइच तासून घेतलीया!"

आक्काने फळीवर पुन्हा एकदा टाच फिरवली. मग तिने मान आमच्या आवाजाच्या बाजूला वळवली.

"व्हय रं," ती म्हणाली. "दिसतीया की."

आणि पाऊल पुढे टाकून तिने हाताने कठडा गाठला. पद्माक्काच्या तोंडून मी ऐकलेलं तेवढंच एक खोटं. रहाटाचा आवाज सुरू झाला तेव्हा भरमाण्णाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं.

"मास्तर," तो म्हणाला, "दिसतीया म्हनली. तुमीबी ऐकलासा न्हवं? म्हंजे ती जात न्हाय."

"न्हाय जात," मी म्हटलं.