डॉक्टर म्हात्रे आणि मुळातले जंतू

भिवंडीतले बाकीचे दातांचे डॉक्टर पेशंट तपासतात. आमच्या शेजारचे डॉक्टर म्हात्रे आधी औषधं तपासतात. दवाखान्याच्या मागच्या खोलीत काचेच्या बशांमध्ये त्यांनी दातांतले जंतू पाळलेत. कुणी पोपट पाळतं, कुणी मासे. ज्याची त्याची हौस.

रूट कॅनालमध्ये भरायची नवी पेस्ट घेऊन कंपनीचा माणूस आला, की डॉक्टर त्याला चहा पाजतात आणि पेस्टचा ठिपका जंतूंच्या बशीत ठेवतात. दोन दिवसांत ठिपक्याभोवतीचे जंतू मेले, तर पेस्ट पास. मग तीच पेस्ट पुरती सुकवून पुन्हा परीक्षा. "ओली असताना सगळ्याच मारतात," ते त्या माणसाला म्हणतात. "सुकल्यावर किती मारते, ते सांग." एकाने तर त्यानंतर आमची गल्लीच सोडली.

माझी दाढ ठणकायला लागली तेव्हा शेजारधर्म म्हणून मी त्यांच्याकडेच गेलो. पहिल्या खेपेला त्यांनी दाढेचं मूळ खरवडून ब्लीचिंगच्या वासाच्या औषधाने अर्धा तास धुतलं. मला वाटलं, सोसायटीची टाकी साफ करतायत. दुसऱ्या खेपेला आत औषधी चुना भरला. तिसऱ्या खेपेला तो काढला, आणि परत चुनाच भरला.

"आता दुखत नाही, डॉक्टर."

"दुखत न्हाय म्हणजे जंतू मेला असं न्हाय. मुळाच्या बारीक फांद्यांत लपून बसतो तो."

"मग बाहेर कधी येणार?"

"तो कशाला येतोय? आपल्यालाच आत जायला लागतं."

तेवढ्या दिवसांत जवळच्या वळ गावात एक अख्खं गोदाम उभं राहिलं. माझी दाढ अजून पायाभरणीतच होती.

पाचव्या खेपेला मी चिडलो. "लोक एका बैठकीत करून देतात. तुमचा स्वतःच्या हातावर भरवसा नाही का?"

डॉक्टर हातमोजे चढवता चढवता थांबले. "न्हाय," ते म्हणाले.

मग शांतपणे सांगितलं. दवाखाना नवा होता. पहिली पेशंट म्हणून त्यांची आय दिघाशीहून आली. डॉक्टरांना हुशारी दाखवायची होती. एका दिवसात दाढ भरून दिली. आयने गावभर कौतुक केलं.

"वर्षानं एका लग्नात शेजारी जेवायला बसलो, तेव्हा दिसलं. आय फक्त डावीकडनं चावत होती. तोंड उघडायला लावलं, तर आत पू. आधी का न्हाय सांगितलंस, विचारलं. म्हणाली, तुझं पयलं काम होतं, बाला. वाईट कसं सांगू?"

"मग?"

"मग काय. दाढ काढायला लागली."

मी खुर्चीत मागे टेकलो. डॉक्टरांनी दिवा जवळ ओढला.

"दुखलं तर लगेच हात वर करा," ते म्हणाले. "माझं मन राखू नका."